बामियानच्या वाली आणि माळ्यावरची बॅग

(अफगाण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि व्हिसा यांचे निर्णय घेणाऱ्या दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र)

माननीय महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते. एका रक्तपेढीत एकतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. परराष्ट्र धोरणातलं मला फारसं कळत नाही आणि कळतं असा आवही आणत नाही. तरी तुम्हाला लिहायचं कारण असं, की आमच्या माळ्यावर गेली पाच-सहा वर्षं एक निळी बॅग पडून आहे आणि तिचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे.

बॅग आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या एका मुलीची. ती अफगाणिस्तानातल्या बामियान प्रांतातली. इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. कोविडमध्ये वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा घरी गेली. "काकू, दोन महिने," म्हणाली. पुढे 15 ऑगस्ट 2021ला काबुल पडलं आणि 25 तारखेला आपल्या सरकारने जाहीर केलं, की भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द, यापुढे फक्त ई-व्हिसा. सुरक्षेची कारणं होती, पासपोर्ट चोरीला गेल्याच्या बातम्या होत्या, ते मी समजू शकते. पण त्या एका ओळीत अतिरेक्याबरोबर तिसऱ्या सत्राची विद्यार्थिनीही बाहेर राहिली. कॉलेजने यथावकाश पटावरून नाव काढलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, आईवडील अजून तिथेच आहेत.

मात्र हे पत्र तिच्याबद्दल कमी आणि तिच्या 'वाली'बद्दल जास्त आहे.

अफगाणिस्तानात बोलल्या जाणाऱ्या दरी भाषेत प्रांताच्या गव्हर्नरला 'वाली' म्हणतात. तिने पहिल्यांदा हा शब्द वापरला तेव्हा मी चमकलेच. "आमच्याकडे पण आहे की हा शब्द," मी म्हटलं. "ज्याच्यामागे कोणी नसतं त्याला आम्ही 'त्याला कोणी वाली नाही' म्हणतो." दोन्ही एकाच अरबी मुळातले. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "आम्हाला होती. वाली होती, आणि बाई होती."

डॉ. हबीबा सराबी. अफगाणिस्तानच्या 34 प्रांतांपैकी एकाची वाली झालेली पहिली स्त्री. मार्च 2005 ते 2013 त्या बामियानवर होत्या. त्याआधीचा त्यांचा प्रवास मला त्या मुलीकडून तुकड्यातुकड्याने कळला, नंतर मी स्वतः वाचत गेले. वाचताना एका ठिकाणी थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 1987 साली काबुलमध्ये वैद्यकीय शिक्षण संपवल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या फेलोशिपवर ही बाई रक्तशास्त्र शिकायला आली होती भारतात.

रक्तशास्त्र! म्हणजे माझ्याच खात्यातली. आपण ज्या काळात काचपट्ट्यांवर रक्ताचे थर ओढायचो, लीशमन रंग टाकून घड्याळाकडे बघत उभे राहायचो, त्याच काळात कुठल्याशा भारतीय प्रयोगशाळेत हजारा या अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्य समाजातली एक तरुण डॉक्टर हेच करत उभी असेल. थर ओढायची एक गंमत असते. हात थरथरला की शेपटी तुटक येते आणि पांढऱ्या पेशी मोजताना घोळ होतो. जोर लागत नाही त्याला, कोन लागतो आणि एका दमात हात पुढे न्यायचं धैर्य लागतं. असो. खात्यातलं माणूस भेटलं की मी वाहवत जाते.

त्या परत गेल्या आणि काबुलच्या वैद्यकीय संस्थेत शिकवू लागल्या. सप्टेंबर 1996मध्ये तालिबानने काबुल घेतलं तेव्हा मुलांना घेऊन पेशावर गाठलं, नवरा घरच्या म्हाताऱ्या माणसांपायी मागे राहिला. पेशावरमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत मुलींना शिकवलं, शिक्षिका तयार केल्या, आणि सीमेपलीकडे अफगाणिस्तानात चोरून चालणाऱ्या मुलींच्या वर्गांचं काम पाहिलं. तालिबान गेल्यावर राष्ट्राध्यक्ष हमीद करझाईंच्या सरकारात महिला कल्याण मंत्री झाल्या. पुढे करझाई त्यांना राजदूत करायला निघाले होते, पण त्यांनी प्रांत मागितला असं सांगतात. राजदूत म्हणजे गाडी, बंगला, एखादं थंड हवेचं शहर. यांनी मागितलं बामियान. ते अडीच हजार मीटर उंचीवर आहे, सहा महिने बर्फ. तेव्हा काबुलहून जायचं तर खड्ड्यांतून दिवसभराची आदळआपट होती, आणि वीज नावालाही नव्हती.

बामियान म्हटलं की आपल्याला मार्च 2001 आठवतो. डोंगरात कोरलेले 55 आणि 38 मीटरचे दोन बुद्ध सुरुंग लावून उडवले तो महिना. त्या मूर्तींच्या डागडुजीसाठी 1969पासून काही वर्षं आपल्याच पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे राबली होती, हे आपण विसरतो. आणि मूर्ती पडायच्या दोन महिने आधी, जानेवारीत, त्याच प्रांतातल्या याकावलंगमध्ये तालिबानने दीडशेहून जास्त हजारा माणसं रांगेत उभी करून मारली, ते तर आपल्याला माहीतच नसतं. बुद्धांसाठी जग हळहळलं. आमच्या भाडेकरूने मला एकदा अगदी शांतपणे विचारलं होतं, "काकू, दगडासाठी सगळे रडले. चांगलं झालं रडले. पण माणसांसाठी?" मी काही बोलले नाही. बटाटे सोलत बसले.

बटाट्यांवरून आठवलं. बामियान बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिच्या वडिलांचीही शेती त्याचीच. मंडईतून मी आणलेले बटाटे तिला कधी पसंत पडले नाहीत. "पाणचट," हा मराठी शब्द ती माझ्याकडूनच शिकली आणि माझ्याच बटाट्यांवर वापरला. त्याच बटाट्यांची बोलानी करायची, पातळ पोळीत सारण भरून दुमडून तव्यावर तेलात भाजलेली. हा आमचा बटाट्याचा पराठाच की, असं मी म्हटलं की रागवायची.

तर अशा या प्रांतात सराबी वाली म्हणून गेल्या. इतर वाली कोण होते ते पाहिलं म्हणजे ही नेमणूक किती वेगळी होती ते कळतं. बल्खमध्ये अता मोहम्मद नूर. सोव्हिएतांशी लढलेला कमांडर, 2004पासून चौदा वर्षं खुर्चीवर. राष्ट्राध्यक्ष घनींनी काढलं तरी महिनोन् महिने हलायला तयार नव्हता. हेरातमध्ये त्याआधी इस्माईल खान, जकातीचा पैसा काबुलला पाठवण्यावरून सतत भांडण. नंगरहारमध्ये गुल आघा शेरझाई, लोक त्याला कौतुकाने 'बुलडोझर' म्हणत. या सगळ्यांमागे बंदुका होत्या, स्वतःची माणसं होती, सीमेवरच्या नाक्यांचं उत्पन्न होतं. सराबींकडे यातलं काहीच नव्हतं, आणि तिथल्या वालीला स्वतःचं अंदाजपत्रकही नसे. शाळेचा पैसा शिक्षण मंत्रालय देणार, रस्त्याचा बांधकाम मंत्रालय, सगळं काबुलहून. आपल्या जिल्हाधिकाऱ्याकडून जिल्हा नियोजनाचा सगळा निधी काढून घ्या, वर त्याला सांगा की लोकांना उत्तर तूच द्यायचंस. साधारण तसं.

गंमत म्हणजे, गंमत कसली, बामियान शांत होतं म्हणूनच उपाशी राहिलं. मदतीचा पैसा लढाई चाललेल्या हेलमंद-कंदाहारकडे वाहायचा, कारण तिथे मनं जिंकायची होती. बामियानची मनं आधीच जिंकलेली, मग खर्च कशाला? न्यूझीलंडच्या सैनिकांची तुकडी होती, त्यांनी जमेल ते केलं. बाकी लोकांनी रस्त्यासाठी वाट पाहिली. शेवटी तिथल्या तरुणांनी एक रस्ता स्वतःच 'डांबरी' केला, चिखल आणि भुसा कालवून. सरकारने केलेला रस्ता याहून वेगळा नसतो, हे दाखवायला. विजेसाठी चौकात भला मोठा कंदील उभारला. हे टोमणे काबुलला होते तसे वालीबाईंनाही होते. त्यांच्याविरुद्ध मोर्चे निघाले, आपली कामं होत नाहीत म्हणून कुरकुर झाली, स्थानिक पुढाऱ्यांशी खटके उडाले. आठ वर्षांत बामियानचं नंदनवन झालं असं मी म्हणणार नाही. पण वालीच्या कचेरीसमोर तिची टर उडवून लोक संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप गेले, हे त्या देशात त्या वर्षांत किती प्रांतांत घडत होतं?

त्यांनी केलेलं एक काम मात्र नजरेत भरणारं. बंद-ए-अमीर. बामियानच्या पश्चिमेला डोंगरात सहा तलावांची माळ आहे, पाण्यातल्या चुन्याने आपोआप बांधलेले बांध, त्यामागे गर्द निळं पाणी. 'बंद' म्हणजे आपला बांधच. तलावांची नावं ऐका: बंद-ए-पनीर, बंद-ए-पुदिना, बंद-ए-हैबत, बंद-ए-झुल्फिकार. हजरत अलींनी हे बांध घातले अशी लोकांची श्रद्धा. इथे लोक हातबॉम्ब टाकून मासे मारायचे, युद्धाच्या वर्षांत तशी सवयच लागली होती. एप्रिल 2009मध्ये हा भाग अफगाणिस्तानचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, त्यामागे सराबींनी लावलेला नेट होता. पुढे तिथे बायका वनरक्षक म्हणून नेमल्या गेल्या, देशातल्या पहिल्या. आमच्या भाडेकरूच्या मोबाइलवर एक फोटो होता: शाळेच्या सहलीतल्या मुली, काळा झगा, पांढरा रुमाल, एका ओळीत बांधावर उभ्या, आणि मागे एवढं निळं पाणी की फोटोला कोणी रंग लावलाय असं वाटावं. डावीकडून तिसरी ती. मान तिरकी, कारण शेजारची काहीतरी बोलत होती.

ऑगस्ट 2023मध्ये तालिबानच्या सदाचार खात्याच्या मंत्र्याने बामियानला जाऊन जाहीर केलं, की बायकांनी बंद-ए-अमीरला जायचं नाही. हिजाब नीट पाळत नाहीत म्हणून. पर्यटन बायकांसाठी काही आवश्यक गोष्ट नाही, असंही वर सांगितलं.

एका बाईने राखलेलं उद्यान आता बायकांनाच बंद.

सराबींची पुढची हकिकत मी थोडक्यात सांगते. 2013 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1958मध्ये पहिल्याच वर्षी आपल्या विनोबांना आणि नंतर बाबा आमट्यांना मिळाला तोच. त्याच वर्षी वालीपद सोडून 2014च्या निवडणुकीत झलमय रसूल यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, हरल्या. मग शांतता परिषदेत काम. 2020मध्ये दोह्यात तालिबानशी बोलणी करायला जे सरकारी शिष्टमंडळ बसलं त्यात चार बायका होत्या, त्यांतल्या एक सराबी. मार्च 2021मध्ये मॉस्कोच्या बैठकीत सगळ्या शिष्टमंडळांत मिळून बाई एकच, ती हीच. तिथेही त्यांनी विचारलं, की खोलीत मी एकटीच बाई का? पाच महिन्यांनी सगळं संपलं. अता नूर उझबेकिस्तानात गेला, इस्माईल खान पकडला गेला, शेरझाईंनी तालिबानशी जुळवून घेतलं. सराबी परदेशातून बोलत राहिल्या आहेत.

आता मुद्द्यावर येते.

आपण 2021पर्यंत अफगाण विद्यार्थ्यांना वर्षाला हजार शिष्यवृत्त्या देत होतो. पुण्यात राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. आमच्या भागातल्या बेकरीत तंदुरी नान मिळू लागला तो याच मुलांमुळे. आता शिष्यवृत्त्या आहेत, पण ई-शिष्यवृत्त्या. घरी बसून, संगणकावर. हेतू चांगला आहे, मी तुमची टिंगल करत नाही. मुलींच्या सहावीनंतरच्या शाळा बंद, डिसेंबर 2022पासून विद्यापीठं बंद, डिसेंबर 2024मध्ये नर्स आणि सुईणींचे अभ्यासक्रमही बंद केले, अशा ठिकाणी खिडकी तरी उघडी ठेवलीत. पण सप्टेंबर 2025मध्ये काय झालं पाहा. आधी बल्खच्या वालीच्या प्रवक्त्याने सांगितलं, की अनाचार रोखण्यासाठी प्रांतातलं फायबर इंटरनेट बंद. मग इतर प्रांतांतही तेच. महिनाअखेरीस तर अख्ख्या देशाचं इंटरनेट आणि फोन दोन दिवस गप्प होते. एका वालीच्या कचेरीतून हुकूम निघाला की तुमची ई-शिष्यवृत्ती विझते.

आणि समजा, इंटरनेट चालू राहिलं. रक्ताचा थर संगणकावर कसा ओढायचा? सुईणीचं काम, प्रयोगशाळेचं काम, ऑपरेशन थिएटरचं काम ऑनलाइन कसं शिकवणार तुम्ही? मी तीस वर्षं शिकाऊ मुलांच्या कोपराला धरून कोन दाखवलाय. पडद्यावरून दाखवता आला नसता. तिथे बाईला पुरुष डॉक्टरकडे जायची चोरी आणि बाई डॉक्टर तयार करायला बंदी. हे गणित कुठे जाऊन थांबतं ते सांगायला तज्ज्ञ नकोत, बाळंतीण बायकांचं रक्त तपासणारी कोणीही सांगेल.

म्हणून मागणी अशी. या शिष्यवृत्त्यांपैकी काही, अगदी शंभर का होईना, प्रत्यक्ष भारतात येऊन शिकण्याच्या करा, फक्त मुलींसाठी, वैद्यकीय आणि प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमांना. बाहेर 72 किलोमीटरच्या पुढे जायचं तर पुरुष नातेवाईक हवा हा त्यांचा नियम आहे, मग सोबत येणाऱ्या भावाला किंवा वडिलांनाही व्हिसा द्या, निदान पोचवून परत जाण्यापुरता. ज्या मुली इराण-पाकिस्तानात अडकल्यात आणि तिथून हाकलल्या जातायत त्यांचे अर्ज तिथल्या आपल्या वकिलातीत घ्या. आणि ज्यांचं शिक्षण 2021ला अर्धवट तुटलं त्यांना पहिला नंबर द्या. त्यांची तपासणी एकदा झालेली आहे, गुणपत्रिका इथल्याच विद्यापीठांत आहेत.

तुम्ही म्हणाल, तालिबान सोडणार नाही. कदाचित नाही सोडणार. पण ऑक्टोबर 2025मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, आपण काबुलमध्ये पुन्हा दूतावास केला. मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात 2024पासून त्यांनी नेमलेला माणूस बसतो. म्हणजे बोलणं चालू आहे. चालू ठेवा, शेजारी बदलता येत नाही. त्याच दौऱ्यात पहिल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावलं नव्हतं, आपल्याकडे गदारोळ झाला, दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली आणि त्यात बायका पुढच्या रांगेत बसल्या. याचा अर्थ रेटलं की काही ना काही हलतं. खाणींवर बोलता, व्यापारावर बोलता. बामियानच्याच हाजीगकचं लोखंड 2011मध्ये आपल्या 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या गटाला मिळालं होतं, 1.8 अब्ज टनांचा साठा म्हणे. चौदा वर्षांत त्यातला टनभरही इकडे आला नाही. 1987 नंतर रक्तशास्त्र शिकून गेलेल्या एका मुलीवर आपला खर्च काय झाला असेल? हिशेब तुम्हीच मांडा, कागद तुमच्याकडे असतील.

तिचा निरोप अधूनमधून येतो. सप्टेंबरातल्या त्या इंटरनेटबंदीनंतर दहा दिवसांनी एक आला. घरात भावाच्या मुलींना गणित शिकवते, आणि बॅग टाकून द्या काकू, असं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

घर रंगवायला काढलंय म्हणून गेल्या आठवड्यात बॅग खाली घेतली. चेन अडकली होती, मेणबत्ती घासून सोडवली. आत एक विजेची किटली, विटकरी स्वेटर, वाळवलेल्या तुतांची पुडी (तिला मुंग्या लागून गेल्या होत्या, ती तेवढी फेकली), आणि सूक्ष्मजीवशास्त्राची वही. समासात दरीत बारीक टिपा. एका पानावर देवनागरीत, पहिलीतल्या पोरासारख्या मोठ्या अक्षरांत: 'वाली', 'पाणचट', 'माळा'.

रंगारी पुढच्या महिन्यात येतील. तोवर बॅग पुढच्या खोलीत ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ
पुणे